डाव्या गुडघ्याचा खळगा

साताऱ्याहून निघालो तेव्हा माझ्या मोटरसायकलच्या टाकीला खालून साबण फासलेला होता. पत्रा गंजून टाचणीएवढं भोक पडलं की पेट्रोल ठिबकत राहतं, आणि त्यावर ओला साबण दाबून घासला की ते तात्पुरतं थांबतं. हा उपाय आमच्या गॅरेजवाल्याने सांगितला आणि त्याच दमात म्हणाला, "पण हे काही खरं नाही. टाकी बदला. कोल्हापूर गाठा."

गाडी जवळपास माझ्याच वयाची, टू-स्ट्रोक. तिची कॅफे रेसर करायची असं खूळ पन्नाशीत डोक्यात शिरलं. कॅफे रेसर म्हणजे जुन्या गाडीवरचा नको तो पसारा उतरवायचा, हँडल खाली घ्यायचं, सीट एकट्यापुरती ठेवायची आणि टाकीवर पालथं पडल्यासारखं बसून चालवायची. घरी हे समजावलं तेव्हा बायको म्हणाली, "एकट्यापुरती ठेवलीस, हे बरं केलंस." बाकी सगळं काम झालं होतं. टाकी तेवढी राहिली होती. अशा गाडीची टाकी लांबट हवी, आणि दोन्ही कुशींना गुडघे बसतील असे खळगे हवेत. खळगे ज्याच्या त्याच्या मापाचे नसले तर वळणावर गाडी आणि माणूस यांचं जमत नाही. मापाचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. मी कवळ्या करतो. उभा जन्म लोकांच्या हिरड्यांचे साचे घेण्यात गेला. न बसणारी कवळी माणूस कधी परत आणत नाही. तोंडावर "छान बसली" म्हणतो आणि घरी नेऊन कपाटात ठेवतो, हे मी फार लवकर शिकलो.

पेठ वडगावच्या अलीकडे साबण सुटला. चहाच्या टपरीवर थांबून टाकीखाली वाकलो होतो, तेवढ्यात एक काळी कॅफे रेसर येऊन थांबली. तिच्यावर तिशीचा एक तरुण होता. त्याचं बसणं पाहून मी वाकलेलाच राहिलो. त्याचा डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली होता, आणि त्यामुळे सगळं अंग डावीकडे कललेलं दिसत होतं.

"कुठनं आलासा पावणं?" त्याने विचारलं.

"साताऱ्याहून. टाकी बघायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाललोय."

"मिस्त्रींकडं? मग काळजी सोडा की. माझी बी त्येंचीच हाय."

मोठ्या हौसेने त्याने टाकी दाखवली. पत्र्याचं काम इतकं गुळगुळीत की हात फिरवत राहावंसं वाटावं. पण माझी नजर पडायची तिथे पडलीच. "डावा खळगा जरा खाली आलाय का?"

त्याने त्या खळग्यावर पंजा ठेवला. "न्हाय," तो म्हणाला. "बराबर हाय." एवढा वेळ मोकळेपणी बोलणारा माणूस एकदम निघाला. माझ्या चहाचे पैसे मात्र देऊन गेला.

उद्यमनगरात शिरलं की लेथचा आवाज आणि तापलेल्या लोखंडाचा वास दोन्ही बाजूंनी येतात. मिस्त्रींचं दुकान गल्लीच्या टोकाला, आणि दुकानामागेच घर. मिस्त्री साठीचे, बोलायला मोठ्याने आणि हसायला त्याहून मोठ्याने. भिंतीवर खिळ्यांना जुन्या टाक्या टांगलेल्या होत्या. मी एका लाल टाकीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी ते बोटच खाली केलं.

"डोळ्यानं निवडू नगा. मिठी मारा."

म्हणून एकेक टाकी गाडीच्या सांगाड्यावर ठेवून मी तिच्यावर छाती टेकत गेलो. एक फार रुंद होती. एक दिसायला देखणी, पण तिच्या पोटातली खाच सांगाड्याच्या नळीवर बसेना. शेवटी एक अरुंद, रंग उडालेली टाकी मिळाली. तिच्यावर हात आपोआप हँडलपर्यंत पोचले. "हीच," मिस्त्री म्हणाले. "फकस्त पोट आत घ्या, का त्येला बी खळगा पाडू?"

मग माझ्या धंद्याला शोभेल असं काहीतरी त्यांनी केलं. कुंभार गल्लीतून आणलेला शाडू (गणपतीच्या मूर्तीची माती) टाकीच्या दोन्ही कुशींना थापला आणि मला बसवलं. "आता गुडघं दाबा. भ्या वाटल्यावर माणूस दाबतंय तेवढं." मी दाबले. उतरून पाहिलं तर दोन्ही ठसे अगदी समोरासमोर, एका उंचीवर. यावरून ते पत्र्याला खळगे पाडणार होते. टाकी तयार होईपर्यंत फिरायला म्हणून त्यांनी दुकानातली एक राखाडी गाडी मला दिली. तिच्यावर बसलो आणि डावा गुडघा बोटभर खाली जाऊन थांबला.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात आणि तुमच्या देखत धार काढून फेसाळ, कोमट दूध पेल्यात मिळतं. पेला ओठाला लावला आणि रस्त्यावरून तीन कॅफे रेसर एकामागून एक गेल्या. तिन्ही माणसं वेगळी, एक तर चांगला गरगरीत. तिघांचीही अंगं डावीकडे, सारखीच कललेली. पाठमोरे गेले तेव्हा एकाच माणसाला तीनदा पाहिल्यासारखं वाटलं. दूध घेणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, ही काय नवी पद्धत? तो म्हणाला, "पोरं तशीच बसत्यात इथली," आणि मिशीवरचा फेस पुसत चालता झाला. दूध छान होतं, पण दुसरा पेला मागवला नाही.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याला निघालो. कळे हे गाव मागे पडेपर्यंत ऊन होतं आणि दोन्हीकडे ऊस होता. पुढे धुकं आलं, दाटलं, आणि गगनबावड्याच्या वर तर पुढचं चाक दिसेना. गंमत म्हणजे मला भीती वाटत नव्हती. मी मुळात भित्रा चालक. वळण आलं की ब्रेकवर पाय. त्या दिवशी मात्र अंग वळणाआधीच कलत होतं, आणि कलतंय हे मला नंतर कळत होतं. ते काही माझं कौशल्य नव्हतं.

घाटमाथ्यावर एक भजीची टपरी होती. मी धुक्यातून येताना टपरीवाले काका बाकावरून उठून उभे राहिले. मी थांबायच्या आत त्यांनी चहा ओतला आणि म्हणाले, "लई दिसानं?" मी हेल्मेट काढलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हळूच खाली बसले.

"चुकलं पावणं. बसण्यावरनं संत्या वाटला."

"कोण संत्या?"

"मिस्त्रींचा पोरगा. हितं यायचा रोज उठून. त्या वळणाला गेला." त्यांनी हात केला तिकडे नुसतं पांढरं होतं. "गेला त्येला वरसं झाली. पर अशा गाड्या येत्यात की अजून. धुक्यातनं येताना कळत न्हाय कोण हाय त्ये. मी आपला उठतो."

चहा बिनसाखरेचा होता, संत्या घेत असेल तसा. मी तो तसाच प्यायलो. साखर मागायचा धीर झाला नाही. परत येताना मुद्दाम उजवीकडे रेलून बसायचा प्रयत्न केला, पण गाडी सरळ चालेना. दुकानापाशी उतरलो तेव्हा डावा पाय किंचित ओढला जात होता. मिस्त्री माल आणायला गेले होते. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना काकीच म्हणत, दारात उभ्या होत्या. त्यांनी माझी चाल पाहिली आणि तोंड फिरवलं.

मग त्यांनी आत बोलावलं, ताटात भाकरी आणि दह्यातली चटणी वाढली आणि समोर बसून सगळं सांगितलं. संतोष, घरचा संत्या, लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता. डावा पाय मोडला आणि जुळला तो बोटभर आखूड. त्याच्या गाडीची टाकी मिस्त्रींनी त्या मापाने केली होती. तो गेल्यावर मिस्त्रींनी पहिली टाकी केली ती त्याच्याच एका दोस्ताची. "त्यात बी डावा खळगा खालीच आला. त्या पोरानं वळखलं. पर बापाला कसं सांगायचं? बसतीया म्हणला आन घिऊन गेला. मग दुसरा, मग तिसरा. आता गावभर झाल्यात. पुण्याची पोरं तर तसलीच मागत्यात, फ्याशन म्हणून."

"आणि मिस्त्रींना कळत नाही?"

"त्ये खुळं न्हाईत. त्येंनीच अग्नी दिलाय. त्येस्नी समदं ठावं हाय, हातास्नी तेवढं ठावं न्हाय." त्या माझ्या ताटाकडे बघत बोलत होत्या. "दारावरनं असली गाडी गेली की हातोडा थांबतोय. आला वाटतं, म्हणत्यात. मग माझ्याकडं बघत्यात. माझ्याकडं बघत्यात त्येच मला सोसत न्हाय. एकदा सांगायला गेलतो मी," (कोल्हापूरकडे बायकाही 'गेले होते' न म्हणता 'गेलतो' म्हणतात) "पर तोंडच उघडलं न्हाय. तुम्ही भाईरचं. तुम्ही सांगा. बसत न्हाय म्हणा."

मी हो म्हणालो. घाबरूनच म्हणालो.

टाकी तयार झाली त्या सकाळी दुकानात दोघेतिघे जण येऊन बसले होते. त्यांत तो वडगावचा तरुणही होता. मिस्त्रींनी टाकी गाडीवर चढवली. अजून रंग नव्हता, पत्रा पांढरा झळकत होता. फळीवर टाकीवरून काढून ठेवलेले माझे शाडूचे ठसे होते, एका उंचीवर. टाकीवर डावा खळगा बोटभर खाली होता. समोर माप ठेवून केलेलं काम, आणि तरी तसंच.

मी बसलो. मिस्त्री उकिडवे बसून माझ्या गुडघ्याकडे बघत होते. "बसतीया न्हवं?"

'छान' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. हाच शब्द मी आजवर हजारांच्या तोंडून ऐकला आहे, आणि का म्हणतात ते मला तेव्हा कळलं. काकी चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या.

"नाही बसत," मी म्हणालो. "डावा खाली आहे."

वडगावचा तरुण उठला. "पावणं, नीट बघा जरा. बसत असंल." त्याच्या आवाजात दम होता, आणि विनवणीही होती.

"नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी शाडूच्या ठशात अंगठा घातला, मग टाकीच्या खळग्यात घातला. परत शाडूत, परत टाकीत. "व्हय की," ते शेवटी म्हणाले. "ह्यो तुमचा न्हाय." मग बराच वेळ त्यांनी त्या खळग्यातून अंगठा काढला नाही. मला वाटलं आता ते विचारतील, मग कुणाचा? त्यांनी विचारलं नाही. टाकी उतरवली आणि झाकणाच्या तोंडातून आत घालायची वाकडी सळई हातात घेतली. आतून रेटा दिला की खळगा पुसला जाणार होता.

काकींनी ट्रे खाली ठेवला. आल्या आणि त्या खळग्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मला सांगायला लावणाऱ्या त्याच होत्या, पण आता हात उचलायला तयार नव्हत्या. मिस्त्री सळई धरून थांबले. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि मी बाहेर बघितलं, कारण ते बघणं माझ्यासाठी नव्हतं. मग हात उचलून काकी म्हणाल्या, "मारा."

दुपारी मी सातारची वाट धरली. टाकी अशी बसली होती की गाडीवर आहोत हेच विसरावं. निघताना मिस्त्री दुसऱ्या कामात होते. इंजिनाचा आवाज झाला तरी त्यांनी मान वर केली नाही. वाटेत वडगावचं वळण आलं तेव्हा मी टपरीवर थांबलो नाही. खरं बोलल्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण एखाद्याच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटत होतं. घरी पोचलो तर बायको म्हणाली, "टाकी झकास झालीय. तुझंच तोंड का उतरलंय?"

पावसाळा सरल्यावर काकींचा फोन आला. मिस्त्री एकेकाला बोलावत होते, टाक्या सरळ करून देतो म्हणत होते, पण एकही पोरगा येत नव्हता. "वडगावचा म्हणला, काकी, तुमचा पोरगा गेला, माझा दोस्त हाय अजून."

"आणि मिस्त्री?"

"गाडी गेली तरी आता बघत न्हाईत. हातोडा थांबत न्हाय."

"मग बरं झालं की, काकी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आता मी बघतो. कुणीतरी बघाय पायजे न्हवं." मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "टाकी बसतीया न्हवं तुमास्नी?"

"बसतेय," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. एवढ्यात फोनमधून लांबून एका गाडीचा आवाज येऊ लागला. तो जवळ आला, दारापाशी आला.

"थांबा हं," काकी म्हणाल्या. "आला."

त्यांनी फोन बंद केला नव्हता. मी बराच वेळ कानाला लावून उभा होतो. आत हातोडा चालू होता आणि गाडीचा आवाज लांब जात होता. काकी काही परत फोनवर आल्या नाहीत.