लंडनच्या बसची पायरी

तुळजापूरला बसमध्ये चढताना माझ्या पुढच्या आजींनी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. शेजारीच बसल्या. लेकीकडं लंडनला निघाल्या होत्या, पहिल्यांदाच. मी उत्साहानं सांगितलं, तिथं जमिनीखालून रेल्वे धावते, टॅक्सी मिळते, दुमजली बसही असते.

"जमिनीखालनं मी न्हाय जायची. खिडकीतनं गाव दिसलं तर वळख हुती. बसच बरी."

"चुकलात तर?"

"त्याच बसनं माघारी यायचं की!"

त्यांच्या पदराच्या गाठीत अणदूरच्या खंडोबाचा भंडारा होता, लंडनच्या पहिल्या बसच्या पायरीला लावायला.

सोलापुरात उतरल्यावर त्या एकदम थबकल्या. "तिथल्या बसला पायरी असती नव्हं?"

"आत वर जायला अख्खा जिना असतो."

आजींचा चेहरा खुलला. "मग मी वरच बसंन. लई लांबपतुर दिसंल."