ओट्यावरचं इंजेक्शन

आमच्या घरात आईचा न्यायनिवाडा रोज सकाळी स्पिरिटच्या दिव्यावर व्हायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. ते रोज लालच व्हायचं. अक्का, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, हातातली जपमाळ तशीच धरून बघायला यायची आणि नळी सोडून आईच्या तोंडाकडे बघत राहायची.

"रातले उठीसन काय खाधं?"

"अक्का, देवनी आन, काहीच खाधं नही."

"मंग हाई लाल काय वरतून पडनं?"

वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, पेपरातून मान वर काढायचे नाहीत. एरंडोलकडच्या खेड्यातून जळगावला येऊन त्यांना वर्षं झाली होती, ऑफिसात चारचौघांत शुद्ध बोलायचे, पण घरात बहिणीपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मला त्या पेपराचाच राग यायचा.

सकाळचं इंजेक्शन मी द्यायचे, कॉलेजला जाण्याआधी. इन्सुलिनची दुधी रंगाची बाटली उन्हाळ्यात माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. सिरिंज उकळायची, बाटली तळहातांत हलकेच घोळवायची आणि आईच्या दंडात टोचायचं. एकदा टोचलं की दिवसभराचं काम झालं, असं आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळची साखर वाढलेली दिसली की ते सकाळचाच डोस वाढवायचे आणि वर आईला म्हणायचे, "बाई, पथ्य पाळा हो. आम्ही इथे झटायचं आणि तुम्ही तिथे डबे उघडायचे!" अक्काला दुसरं काय पाहिजे होतं? तिने फडताळाला कुलूप लावलं आणि आईचं अंथरूण स्वतःच्या अंथरुणाला लावून घेतलं. तरी सकाळी नळी लालच.

डोस वाढत गेला तसं दुपारी चहाच्या वेळेआधी आईला दरदरून घाम फुटायला लागला, हात थरथरायचे. एकदा शेजारणीने चहासाठी वाटीत मागून नेलेली साखर परत आणून दिली. आईने ती घेतली आणि उभ्या उभ्याच मूठभर तोंडात कोंबली. अक्का नेमकी तेव्हा मागच्या दारातून आली. तोंडाला साखर लागलेली आई तिने सगळ्या गल्लीला हाका मारून दाखवली. "देखा, बठ्ठा जनं देखा!" आईला धड बोलताही येत नव्हतं, जीभ अडखळत होती. अक्का म्हणाली, चोराची बोबडी वळते तशी वळली. मी कॉलेजातून आले तेव्हा आई मोरीत बसून तोंड धूत होती. पुन्हा पुन्हा धूत होती.

पुढे मामाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही धुळ्याला गेलो. तिथे मामाच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारला, "इंजेक्शन किती वाजता घेता?" मग दुपारच्या घामाबद्दल विचारलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "सकाळचं औषध पहाटेपर्यंत पुरत नाहीये. पहाटे शरीर आपणहून साखर वाढवतं, त्या वेळी अंगात औषधच नसतं. आणि दुपारी तेच औषध जास्त होऊन साखर एकदम उतरते, म्हणून घाम आणि साखरेची ओढ. डोस कमी करू आणि त्याचे दोन भाग करू. मोठा सकाळी, लहान संध्याकाळी जेवणाआधी." इतकं साधं होतं ते. मी बाहेर येऊन रडले, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं.

जळगावला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी सिरिंज उकळायला ठेवली. अक्काने देवापाशी दिवा लावला आणि स्टोव्हच बंद केला. "दिवा लागना. आते घरमा सुई चालत नही." दिवेलागणीनंतर घरात सुई धरली की लक्ष्मी जाते, हे तिच्या आईचं सांगणं. मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "दिवे लागायच्या आधीच टोच ना. दुपारी टोच." म्हणजे पहाटे पुन्हा औषध संपलेलं! मी भांडं उचललं आणि अक्काला म्हणाले,

"घरमा नही ना? मंग बाहेर."

आईला दंडाला धरून मी रस्त्याकडच्या ओट्यावर बसवलं. रस्त्याच्या दिव्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांदेखत तिचा पदर बाजूला करून टोचलं. सायकलवाले वळून बघत होते. समोरच्या बाया आत निघून गेल्या. आई डोळे मिटून बसली होती. रोज संध्याकाळी आम्ही हेच केलं, आणि अक्का रोज उंबऱ्याच्या आत उभी राहून बघायची.

नळी आधी नारिंगी झाली, मग हिरवी. एका सकाळी ती निळीच्या निळी राहिली. मी ती अक्कासमोर धरली. वाटलं, आता ही काय बोलते ते बघू. अक्का शांतपणे म्हणाली, "गल्लीसमोर लाज वाटनी तिले. चोरी सुटनी."

नानांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं! मी ओरडले, धुळ्याच्या डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं, तिने कधी काही चोरलंच नव्हतं म्हणून घसा फोडला. नाना ऑफिसला निघून गेले. अक्का जपाला बसली.

मी आईकडे वळले. निदान ती तरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं. तिने माझ्या हातातली नळी घेतली, विसळली आणि समजूत घालावी तशी मलाच म्हणाली, "भांडू नको बेटा. मी झोपमा उठीसन खात व्हसू. सुटनं ना आते? बरं व्हयनं."