पुठ्ठ्यावरचे थेंब

रोज सकाळी तोंड धुण्याआधी बाबा जिने उतरून खाली जात आणि गाडीखाली रात्री सरकवलेला पुठ्ठा ओढून काढत. तो वर आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेडाला धरत आणि त्यावरचे डाग वाचत. काळा डाग इंजिन ऑइलचा, तांबूस गिअरबॉक्सचा, नुसताच ओला असला तर रेडिएटरचा. आमच्या शुब्रा वस्तीतल्या कितीतरी बायका कॉफीच्या कपातल्या गाळावरून भविष्य वाचून घ्यायला आईकडे यायच्या, त्यामुळे बाबांनी आपली विद्या चोरली असं तिचं म्हणणं होतं.

"काय म्हणतोय तुझा पुठ्ठा?" ती विचारायची.

"प्रवासाचा योग आहे. पण आधी गॅस्केट."

माझे बाबा, वदी बिशारा, वीज कार्यालयात कारकून होते. गाडी फ्रेंच बनावटीची, फिकट निळी, वयाने माझ्याहून बरीच मोठी. पेट्रोलच्या टाकीला भेग पडली की ते साबणाची वडी घासून ती बुजवत. गॅरेजचा उस्ता, म्हणजे मिस्त्री, दर वेळी आदराने म्हणे, "उस्ताज वदी, हिला आता आराम द्या."

"आराम मी निवृत्त झाल्यावर करून बघितलाय," बाबा म्हणत. "काही राम नाही त्यात."

माझ्या दोन्ही बहिणी नवरीच्या वेशात याच गाडीतून चर्चला गेल्या होत्या. माझं लग्न जानेवारीत ठरलं, तेव्हा नवऱ्याच्या थोरल्या भावाने पांढरी, लांबलचक गाडी भाड्याने सांगून ठेवली. बाबांनी त्याला कॉफी पाजली आणि म्हणाले, "तुझी गाडी मागून येऊ दे. फोटोत बरी दिसेल." शेवटी असं ठरलं की चार वाजता निळी गाडी दारात सुरू होऊन उभी असली तर ती, नाहीतर पांढरी. आईने आपली एक अट जोडली. गळती थांबली पाहिजे. पांढऱ्या झग्याला काळा डाग तिला चालणार नव्हता.

आदल्या संध्याकाळी बाबा हात पुसत वर आले. "थांबली गळती," म्हणाले, आणि आईकडे न बघता जेवायला बसले.

लग्नाच्या सकाळी ते खाली गेले ते लगेच परत आले, रिकाम्या हातांनी.

"गाडी नाहीये," ते म्हणाले.

आई आणि मी केसांतले रोलर तसेच ठेवून खाली धावलो. जागेवर फक्त पुठ्ठा पडला होता. आई म्हणाली, "चोरीला गेली. त्या चोराची दया येते मला."

बाबांनी खिशातून सुपारीएवढी काळी वस्तू काढून दाखवली. इंजिनात ठिणगी वाटून देणारा रोटर. रोज रात्री ते तो काढून घरी आणत. "हा माझ्याजवळ असताना तिला फक्त ढकलता येतं," ते म्हणाले.

मग आम्हाला उमगलं. आमच्या गल्लीत गाड्या दुहेरी रांगेत लागतात. आतल्याला बाहेर पडता यावं म्हणून बाहेरच्या रांगेत कोणी हँडब्रेक ओढत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ज्याला अडचण होते तो दोन हात पुढे ढकलतो आणि कामाला जातो. पण ढकलून ढकलून गाडी कुठवर गेली असेल?

आई खाली वाकली. पुठ्ठ्याच्या कडेपासून रस्त्यावर एक काळा थेंब, पुढे दुसरा, त्याच्यापुढे तिसरा.

"गळती थांबली म्हणालास ना, वदी?"

"थांबली होती. तिने पुन्हा विचार केलेला दिसतोय."

 पुठ्ठा काखेत मारून आई थेंबांमागे चालू लागली, आम्ही तिच्यामागे. औषधाच्या दुकानाशी तेलाचं मोठं थारोळं होतं. दुकानाच्या मादाम समीहा दारातूनच म्हणाल्या, "माझ्या पायरीला चिकटली होती. मी तिला बेकरीपर्यंत सोडलं." बेकरीवाला म्हणाला, "पिठाचा ट्रक यायचा होता, उस्ताज. आम्ही तिघांनी वळणापर्यंत नेली. नवरीला घेऊन इथे काय करताय?" त्याने माझ्या हातावर गरम पाव ठेवला. मी तो खात खात वळणापर्यंत गेले.

वळणावर थेंब उसाच्या ढिगाखाली शिरले. रसाच्या दुकानाच्या हिलालने सकाळी आलेल्या मोळ्या गाडीला टेकवून, टपावरही रचल्या होत्या. निळा रंग कुठेकुठेच दिसत होता.

"ही तुमची?" हिलाल ओशाळला. "मला वाटलं, कोणी टाकून दिलीय."

बाबांचा चेहरा पडला. गाडी दोनदा चोरीला गेली असती तरी लागलं नसतं इतकं ते एक वाक्य त्यांना लागलं. त्यांनी मोळ्या उतरवू दिल्या, बॉनेट उघडलं, रोटर बसवला, आत जाऊन बसले. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. दुसऱ्यांदाही तेच. आई खिडकीशी गेली आणि हळू म्हणाली, "वदी, चोक ओढ. थंडी आहे." तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं, आणि हिलालच्या दुकानातले पेले किणकिणले.

दुपारी हिलालने स्वतःहून दोन हिरवेगार, पानांसकट ऊस पुढे दोन बाजूंना बांधले. चारच्या आधीच गाडी दारात घरघरत होती. पांढरी मागून आली. चर्चपाशी थांबल्यावर बाबा आधी उतरले, आईने दिलेला पुठ्ठा गाडीखाली सरकवला, आणि मगच माझं दार उघडलं.

त्यानंतर बरीच वर्षं ते गाडीचे डाग वाचत राहिले. पुढे गुडघे थकले तसा पुठ्ठा मी सकाळी येऊन वर आणून देऊ लागले. गाडीही मीच चालवायचे. त्यांना दवाखान्यात ठेवलं त्या संध्याकाळी मी गर्दीत कशीबशी बाहेरच्या रांगेत गाडी लावून वर त्यांच्या खोलीत आले. ते उशीवर कलून बसले होते, पेज अर्धी संपवलेली.

"न्यूट्रलमध्ये ठेवलीस ना?" त्यांनी विचारलं. "सकाळी लोकांना कामाला जायचं असतं."