चौसष्टचे अवयव

माझा दादा गिअर कापायच्या कारखान्यात आहे. काय करता असं कोणी विचारलं, तर म्हणतो, "दात पाडतो." समोरचा दचकला की याला तेवढंच समाधान. चाकाला जितके दात हवेत, त्या आकड्याचे आधी मूळ अवयव पाडायचे आणि त्यांना जुळेल अशी भोकांची तबकडी मशीनला लावायची. पस्तीस म्हटलं की पाच आणि सात. जन्मभर हेच केल्यामुळे आकडा कानावर पडायच्या आत याच्या डोक्यात फुटलेला असतो. माणसांशी बोलणं मात्र जमत नाही. ते खातं वहिनीकडे होतं. ती गेली आणि घर मुकं झालं.

मुलगी परगावी नोकरीला. दर रविवारी फोन करते. बापलेक दोघंही मुलखाचे घुमे, म्हणून तिच्या लहानपणचा खेळ अजून चालू आहे. तिने आकडा द्यायचा, याने तो पुढे फुटणार नाही इतका फोडायचा, आणि फुटला की फोन ठेवायचा. पूर्वी ती शोधून शोधून आकडे आणायची. आठ हजार एकोणतीस दिला तेव्हा याचा चहा पार गार झाला होता. सात, एकतीस आणि सदतीस, असं मी न विचारताच मला सांगितलं. हल्ली तिला घाई असते. आकडे लहान झाले, फोनही. बाकी आठवडाभर त्या घरात कोणी बोलत नाही. मी येते, डबा ठेवते, चार शब्द सुनावते आणि जाते. त्याला बोलणं म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

गेल्या रविवारी मी तिथेच भाजी निवडत बसले होते. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, चौसष्ट. लवकर हं, मला निघायचंय."

चौसष्ट! दोनने फोडत सुटलं की संपलं. शाळेतलं पोरगंही सांगेल.

दादा म्हणाला, "थांब, सातने बघतो. सात नवे त्रेसष्ट... एक उरला."

मी चमकले. याला काही झालं की काय?

"तेराने बघू. तेरा पंचे पासष्ट. थोडक्यात हुकला गं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. इतकं गयावया करून त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी पुन्हा भाजी निवडायला लागले.

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं, ठेवला कार्टीने. मग खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

"बाबा, सतराने बघा," भाची म्हणाली. "सावकाश बघा."