दादा, थेंब घातलेस?

माझ्या आत्याला वाचनालयात सगळे शिक्कामावशी म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात. पुस्तक देताना तारखेचा शिक्का ती असा हाणते की वर्तमानपत्रामागे डुलक्या घेणारे म्हातारे दचकून जागे होतात. सत्तावीस वर्षं त्याच काउंटरवर. मुदत उलटलेलं पुस्तक घेऊन कुणी गोड बोलायला लागलं, की चष्म्यावरून बघते आणि विचारते, "नियम काय मी घरून करून आणलाय?" सख्खी भाची असून माझं कार्ड तिनं एकदा महिनाभर बंद ठेवलं होतं.

अशा बाईनं आयुष्यात एकाच माणसासाठी नियमांत फट शोधली. माझे बाबा तिचे थोरले भाऊ. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. वाचनाचं वेड मात्र गेलं नाही. अंध सभासदासाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करता येईल, असा एक जुनापुराणा ठराव आत्यानं फायलींतून उकरून काढला आणि हमीपत्रावर सही केली: रेकॉर्डिंग घराबाहेर जाणार नाही.

आत्या आमच्याच घरी राहते. ती कामावर असताना बाबांना ऐकता यावं म्हणून रोज सकाळी निघण्याआधी ती कपाटात डोकं घालून बसायची. लटकवलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हा तिचा शोध. वाचायची म्हणजे सगळं वाचायची. नाव, प्रकाशक, आवृत्ती, शिक्क्यावरचं वाचनालयाचं नाव, आणि शिवाय, "दाखल क्रमांक चार हजार एकशे बारा."

"अगं, हे कशाला?" मी हसायचे.

"पुस्तक त्यांचं आहे. वाचायचं तर अर्धवट कशाला?"

उरलासुरला उजेड टिकावा म्हणून बाबांना डोळ्यांत थेंब घालावे लागतात, आणि गोष्टीत बुडाले की ते हमखास विसरतात. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, त्याच दमात, आत्या म्हणायची, "दादा, थेंब घातलेस? घाल आधी. मग पुढचं."

तिच्या फोनमधून बाबांच्या फोनमध्ये रेकॉर्डिंग टाकायचं काम माझं. माझ्याशिवाय घरात कुणाला ते जमत नव्हतं, हे लक्षात ठेवा.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करते. एका बाईचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, तासन्‌तास नुसती बसून. मी तिला त्या वेळी चालू असलेल्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं दिली. दीपगृहावर एकटी राहणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती. पट्टीखालून तिच्या गालावर पाणी आलं. ते बघून मला इतकं बरं वाटलं, की पुढची प्रकरणंही दिली. मग तिच्या सुनेला दिली. सुनेच्या बहिणीला दिली. मग सोयीसाठी फोनवर एक गट केला, आणि बघता बघता त्यात चारशे माणसं जमली. त्यांतल्या कितीजणांच्या डोळ्यांवर पट्टी होती, हे मी मोजलं नाही. पुस्तक दुकानात मिळत नाही, लेखिका आहे की नाही देव जाणे, कुणाचं काय बिघडतंय? असं मी स्वतःला रोज समजावत होते. रोज समजावावं लागत होतं, यातच काय ते आलं. लिहिलं एकीनं, वाचलं दुसरीनं, आणि 'ताई, तुमचे किती उपकार' मला. आयत्या बिळावर नागोबा.

एका बुधवारी दुपारी आत्याचा विसरलेला डबा द्यायला वाचनालयात गेले, तर काउंटर रिकामा. शिपाई खालच्या आवाजात म्हणाला, "साहेबांच्या खोलीत आहेत. तुम्ही पण जा."

आत ग्रंथपाल साहेब बसले होते. त्यांच्यासमोर सत्तरीची एक बारीकशी बाई, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. आत्या उभी. टेबलावरच्या फोनमधून आत्याचाच आवाज येत होता: "दाखल क्रमांक चार हजार एकशे बारा."

त्या बाईनं बोटानं रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. "दादा, थेंब घातलेस? घाल आधी."

"हे मला शेजारणीनं ऐकवलं," ती म्हणाली. "कौतुकानं. तिला ठाऊकच नव्हतं, हे पुस्तक मी लिहिलंय ते."

साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"अकरा वर्षं लिहीत होते मी हे. आता कुठे नवी आवृत्ती निघणार होती. ऐकायचं पुस्तकही, माझ्या आवाजात. प्रकाशक म्हणाला, फुकट फिरतंय, आता कोण घेणार? दोन्ही रद्द." मग ती आत्याकडे वळली. "तुमच्या दादांसाठी मी घरी येऊन वाचलं असतं हो. मला कुणी विचारायचं तरी."

साहेब आत्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी हमीपत्र पुढे सरकवलं. "सही तुमची आहे, बाई. मला हे समितीपुढे ठेवावं लागेल. तोवर काउंटरवर बसू नका. नंतरचंही मी काही सांगू शकत नाही."

आत्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. रेकॉर्डिंग कुणाच्या हातून जातं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"आवाज माझा, सही माझी," ती म्हणाली. "माझ्याकडूनच गेलं असणार."

तिला खोटं बोलता येत नाही, म्हणून ते 'असणार'.

मी डबा धरून उभी होते. दोन शब्दांचं काम होतं. पण दवाखान्यात कळेल, बाबांना कळेल, चारशे माणसांना कळेल. आत्यासारखी माणसं निभावून नेतात, असाही एक नीच विचार मनात येऊन गेला, लपवत नाही. तेवढ्यात आत्या बाहेर गेली आणि काउंटरवरचा शिक्का घेऊन आली. तो तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवला. मग हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

"मी टाकलं," मी म्हणाले. "तिला माहीतही नव्हतं."

लेखिका माझ्याकडे वळली. "का?"

पट्टीवाल्या बाईची हकीकत माझ्याकडे तयार होती. ती सांगायची मला लाज वाटली. "लोक उपकार म्हणायचे," मी म्हणाले.

तिनं फोनकडे बोट केलं. "यात शेवटचं प्रकरण नाही."

"अजून वाचून व्हायचंय."

"मग लोक मागत असतील."

"मागतात. चिडलेत."

"त्यांना लिही. पुस्तक कुणाचं, आणि तू काय केलंस. आत्ता, माझ्यासमोर, तुझ्या नावानं. मग या बाईंविरुद्ध मी काही लेखी देणार नाही."

मी लिहिलं. मिनिटाभरात पहिलं उत्तर आलं: 'ते असू दे ताई, पण शेवट कधी टाकताय?' लेखिकेनं ते वाचलं, फोन मला परत दिला आणि पिशवी उचलून निघून गेली.

साहेबांनी शिक्का आत्याकडे सरकवला. ठराव मात्र त्याच दिवशी रद्द केला. यापुढे कुठलंच पुस्तक रेकॉर्ड करायचं नाही.

घरी आल्यावर बाबांना आत्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ते खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसले.

"म्हणजे शेवट राहिला," ते म्हणाले.

"राहतोय कशाला? मी समोर बसून वाचते." आत्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. मीही खुर्ची ओढली. दीपगृहावरची ती बाई किनाऱ्यावर परत येते की नाही, यासाठी माझाही जीव आठ दिवस टांगणीला होता.

"तू नाही," आत्या म्हणाली.

"अगं आत्या..."

"काउंटरवर ये, नाव लाव. तुझ्या आधी चौघं आहेत."

आज तिनं विचारलं नाही. स्वतःच्या हातानं बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले. मग मधला पडदा ओढून घेतला. पण आमच्या घरात पडद्याला काय अर्थ? आत्याचा आवाज साऱ्या घरभर ऐकू येतो.

"प्रकरण एकविसावं," ती म्हणाली.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ पूर्ण सोडला. भांडी घासलेलीच होती. मी ती पुन्हा घासत राहिले.