मोरेबाईंची घाई

मोरेबाई कुठल्याही नव्या शाळेत शिरल्या की आधी संडास बघायच्या. ऑफिस नाही, वर्ग नाही, थेट संडास. शिपाई "ओ मॅडम, किधर?" म्हणेपर्यंत त्या आत पोचलेल्या असायच्या. कडी किती उंचावर आहे, फरशी निसरडी आहे का, नळ लहान हाताला फिरतो का, हे सगळं स्वतः करून बघायच्या आणि ओले हात पदराला पुसत मुख्याध्यापिकेसमोर उभ्या राहायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही आलो होतो माझ्या मुलीच्या प्रवेशाचं बोलायला, आणि या बाई समोरच्या मॅडमना सुनावत होत्या, "तुमची कडी फार वर आहे. पोरगी आत अडकली तर बोंबलेल नुसती."

"लाजू नका, मनवाची आई," बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या. "ए बी सी डी आज ना उद्या सगळ्यांना येते. आपली पोरं शाळा सोडून घरी बसतात ती चड्डी ओली झाली म्हणून." आणि मी काही बोलायच्या आत त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यासुद्धा.

मनवा माझी मुलगी. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे पायांना आधाराचे स्प्लिंट आणि चालायला हातात वॉकर. शब्द तिच्या तोंडात तयार असतो, पण ओठांपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. बुद्धीला काही झालेलं नाही. घरात एखादी वस्तू सापडली नाही की आम्ही दोघं नवराबायको तिलाच विचारतो. अशा मुलांची एक बालवाडी अंबरनाथला बुवापाड्यात दोन खोल्यांत चालायची, आणि ती चालवायच्या मोरेबाई. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. बुटक्या, काटक, साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि खाली नवऱ्याचे जुने स्पोर्ट शूज. त्यांना 'टीचर' म्हटलेलं चालायचं नाही. "मी बाई आहे. टीचर पुढच्या शाळेत भेटेल," असं त्या पालकांना बजावायच्या.

त्यांना बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. पोहे उभ्यानं खायच्या, फोन चालत घ्यायच्या. दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं त्यांना जमायचंच नाही. मी "काल डॉक्टरकडे..." एवढं म्हणायचा अवकाश, की "गेला होतात, स्प्लिंट लहान झालेत म्हणाले, मग बदलले का?" असा प्रश्न यायचा. माझं सगळं उत्तर त्यांनीच दिलेलं असायचं. माझा नवरा म्हणायचा, या बाईंशी बोलायचं म्हणजे धावत्या रिक्षात चढायचं. जानेवारी लागला की त्या "जून आला, जून आला" करत फिरायच्या, कारण जूनमध्ये त्यांची मोठी मुलं साध्या शाळेत, केजीत जायची असायची.

पण मुलांसमोर या बाई वेगळ्याच. मूल बोलायला लागलं की त्या पदराचं टोक दातांत धरायच्या आणि गप्प. मनवाला 'पाणी' म्हणायला कितीही वेळ लागो, त्या पाण्याच्या भांड्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. एकदा मी न राहवून ग्लास पुढे केला, तर माझ्या हातावर चापट मारली. "तिच्या तोंडातला घास काढून घेता का तुम्ही? मग शब्द का काढून घेता?" मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

बालवाडी सुरू करण्याआधी त्या अंगणवाडीत होत्या. तिथे सोनू नावाचा एक मुलगा होता, न चालणारा. वय झालं तसं त्याचं अंगणवाडीत येणं बंद झालं, आणि शाळेत घालायचं राहूनच गेलं. "कोणी नाही म्हणालं नाही हो," बाई सांगायच्या. "फक्त कोणी हाताला धरून नेलं नाही. मीपण नाही. मला वाटलं, आईबाप नेतील. त्यांना वाटलं, शाळेतून कोणी येईल." सोनू आता बाप्या झालाय आणि दिवसभर खिडकीत बसतो. त्या खिडकीखालून जायला नको म्हणून मोरेबाई लांबच्या रस्त्यानं स्टेशनला जातात, हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. हा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही.

मनवासाठी आम्ही किती शाळा पालथ्या घातल्या! एका ठिकाणी "आमच्याकडे असं एकही मूल नाही" असं सांगितलं, तेही अभिमानानं. मी संतापून म्हणाले, कायदा आहे, तक्रार करू. बाई म्हणाल्या, "करू ना. कायद्यानं दार उघडेल. पण बाकावर शेजारी कोण बसणार, ते कायदा सांगत नाही." शेवटी उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये, मी ज्या जीन्सच्या कारखान्यात ऑर्डरी बघते त्याच्या मागच्या गल्लीत, एक छोटी शाळा मनवाला घ्यायला तयार झाली. तिथल्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना लता मॅडम म्हणतात, सिंधी. मराठी उत्तम समजतं, बोलतात मात्र मिसळीचं. "देखो, मी ट्राय करते. दिवाली तक. बच्ची क्लासमध्ये सेट झाली तो ठीक. नाही झाली, तर मला फोर्स नाही करायचं."

दिवाळीपर्यंत. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा एकच शब्द घुमत राहिला. मनवा तिथे टिकली नाही तर तिच्यापुढे दुसरी शाळा नव्हती, आणि बाईंच्या बालवाडीचं तिचं वयही उलटत होतं. तिसरी जागा फक्त आमच्या घरातली.

बाईंची पद्धत अशी की मूल शाळेत न्यायच्या आधी त्याचा वर्ग जमवायचा. बुवापाड्यातून आणि आसपासच्या वस्त्यांतून त्या शाळेच्या केजीत कोण कोण जाणार, ते घरोघरी विचारत त्यांनी शोधून काढलं आणि त्या मुलांना शनिवारी बालवाडीत खेळायला बोलावू लागल्या. खिचडी असायची, मातीकाम असायचं. मुलं वॉकरला हात लावून बघायची, "ये क्या है?" विचारायची. बाई म्हणायच्या, "तिची सायकल. आणि ऐका, ही आपली मनवा. शाळेत गेल्यावर हिला मदत करायची. कराल ना?" मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणायची. त्यातला प्रथमेश म्हणजे शेजारच्या चाळीतला गोलमटोल मुलगा, तो तर वॉकरला एका हातानं धरून मनवाच्या पुढे पुढे चालायचा.

जून उजाडला आणि सगळं इतकं सुरळीत झालं की मला भीती वाटायला लागली. रडारड नाही, काही नाही. मुलांनी मनवाला वरच्यावर झेललं. कुणी दप्तर घेई, कुणी डबा उघडी, कुणी तिचं चित्रसुद्धा रंगवून देई. वर्गाच्या स्नेहल टीचरनी काही विचारलं की प्रथमेश ओरडे, "टीचर, मनवाला येतंय, तिचं उत्तर मांजर आहे!" मी कामावर सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले. गणपती झाल्यावर स्नेहल टीचरनी मला बाजूला घेतलं. चांगली मुलगी, वयानं लहान. म्हणाली, "ताई, कसं सांगू... मनवा वर्गात काहीच करत नाही हो. बोलतच नाही. चालतपण नाही आता, पोरंच धरून नेतात. मॅडम विचारतात तेव्हा मी काय सांगू?"

मी बुवापाड्यात गेले ती रडतच. बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! मदत करा, मदत करा... मीच शिकवलं की त्यांना. पोरं बिचारी शहाणी निघाली. लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली तिला." मग खोलीत येरझाऱ्या. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. मध्येच थांबून म्हणाल्या, "तिनं मदत करायची. तिला नाही, तिनं." दुसऱ्या दिवशी त्या शाळा सुटायच्या वेळी स्नेहल टीचरला गाठायला हजर.

त्या वर्गात पाण्याच्या बाटल्या एका कोपऱ्यात फळीवर असायच्या. सगळ्या सारख्याच निळ्या-गुलाबी, आणि रोज त्यावरून मारामाऱ्या. बाईंनी ठरवलं की बाटल्यांचा कारभार मनवाकडे. कुठली कुणाची हे तिला बरोबर लक्षात राहायचं. ती बाटली उचलणार, ज्याची आहे त्याचं नाव घेणार, मगच ती त्याला मिळणार. कुणी मधे बोलायचं नाही, कुणी ओढायची नाही.

मी भडकले. "बाई, तिला सगळ्यात जड काय जातं? बोलणं. आणि तुम्ही तेच काम देताय? तहानलेली पोरं तिच्या अंगावर धावून जातील!"

"जाऊ देत की. तिची गरज असल्याशिवाय तिच्यासाठी कोण थांबेल? आपण दोघी थांबतो, कारण आपला जीव आहे तिच्यावर. सगळं जग कुठे जीव लावत बसणार?"

पहिले दिवस वाईट गेले. मुलं चुळबुळायची, मनवाला घाम फुटायचा, एकदा तिनं बाटलीच भिरकावली. प्रथमेशच्या आईनं मला गेटवर धरलं. "माझा पोरगा तहानेनं सुकतो ओ! तुमच्या मुलीचं काय ते घरी शिकवा ना." मी मनवाला घेऊन तिथून निघाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाई पहिल्यांदाच माझ्या मागून चालल्या. प्रथमेशचं नाव होतंच तसं अवघड. 'प्र' मनवाच्या ओठांत अडकायचा आणि सुटायचाच नाही. पण हळूहळू मुलं रांगेत उभी राहायला लागली. ती तिच्या तोंडाकडे बघायची, आणि नाव बाहेर आलं की टाळ्या वाजवायची. मग टाळ्याही बंद झाल्या. रोजचंच काम झालं ते.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवसांत लता मॅडमनी मला बोलावून घेतलं. आज वर्गात बसून बघणार आणि मग सांगणार. मी कारखान्याच्या सेठना सांगून निघाले. मोरेबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेटवर त्या आधीच उभ्या. आम्ही दोघी व्हरांड्यात, वर्गाच्या जाळीच्या खिडकीपाशी थांबलो. आत मुलांनी केलेले कागदी कंदील लोंबत होते. मॅडम मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

मनवानं वॉकर लोटत फळी गाठली. एकेक नाव घेतलं. कशिश, आरव, जान्हवी. वेळ लागत होता, पण नावं येत होती. मग तिनं निळी बाटली उचलली आणि प्रथमेश पुढे झाला. 'प्'. ओठ मिटले ते मिटलेच. मान ताणली, डोळे मोठे झाले. वर्ग शांत उभा. प्रथमेश जिभेनं ओठ चाटत होता, पण तोंडातून अक्षर काढत नव्हता. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. माझी नखं जाळीत रुतली होती. शेजारी बाईंच्या दातांत पदर होता, आणि त्यांचे खांदे हलत होते. सगळं दिवाळीवर आलं होतं आणि दिवाळी त्या मागच्या खुर्चीत बसली होती.

"प्रथमेश!"

ओरडल्या त्या मोरेबाई. पदर सुटला होता आणि हात तोंडावर गेला होता, पण उशीर झाला होता. सगळा वर्ग खिडकीकडे वळला. मला वाटलं, संपलं. इतक्या दिवसांचं सगळं एका शब्दात मातीत गेलं.

मनवा वळली. वॉकरसकट, पाय ओढत, पूर्ण वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. असा राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, घरी तिला राग यायची वेळच आम्ही येऊ दिली नव्हती.

"बाई," ती म्हणाली. "तुम्ही... नाही. मी." तिनं श्वास घेतला. "तुम्ही जा."

मग ती परत वळली, बाटली छातीशी धरली आणि म्हणाली, "प्र... थ... मेश." त्यानं ती घेतली आणि घटाघटा प्यायला. पुढची मुलगी लगेच सरकली. वर्गात कुणालाच यात विशेष काही झाल्यासारखं वाटलं नाही.

लता मॅडम थोड्या वेळानं बाहेर आल्या. "कितना गुस्सा है छोकरी में," त्या म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसल्या. "दिवाली के बाद टाइम पे भेजना. लेट आलेली मला नाही चालत. सगळ्यांसाठी तोच रूल आहे."

मी सांगायला वळले तर बाई नव्हत्या. मी धावत सुटले. शेअर रिक्षांच्या रांगेत त्या सापडल्या, आत बसलेल्या. होय, बसलेल्या. पदरानं डोळे पुसत होत्या आणि स्वतःलाच काहीतरी बडबडत होत्या. मी मॅडमचं बोलणं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, त्या दुखावल्या. "बाई, तिच्या बोलण्याचं वाईट नका वाटून घेऊ. लहान आहे हो."

"वाईट?" त्या म्हणाल्या. "अहो मनवाची आई, इतकी वर्षं पोरं शाळेत सोडतेय. सगळी माझा पदर धरून रडतात, आणि मला वाटायचं, किती माया करतात माझ्यावर. मला हाकलून देणारी ही पहिलीच." रिक्षा भरली, निघाली. त्या मागं वळून बघत होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही.

त्या शाळेत त्या पुन्हा आल्या नाहीत. मी फोन करते, त्या चालता चालता घेतात. बदलापूरच्या कुठल्यातरी मुलीचं चालू असतं, जून आलेला असतो. मनवा आता वरच्या वर्गात आहे. रोज सकाळी मी तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडते, दप्तर खुंटीला अडकवते, बाटली फळीवर ठेवते, आणि उगाच रेंगाळते. ती माझ्याकडे बघते, आणि तिचे ओठ हलायला लागतात. आज मलाही 'तू जा' म्हणेल का? अजून म्हणालेली नाही. म्हणायला हवं, हे मला पक्कं कळतं. तरी तिनं तोंड उघडायच्या आत मीच घाईघाईनं "येते हं" म्हणते आणि जिना उतरायला लागते.