फ्यूजमधली जाड तार

आज स्वयंपाकघरातला स्विच जळाला आणि तापलेल्या रबराच्या वासाने मी पन्नास वर्षांपूर्वीच्या कारंज्याच्या शाळेत पोहोचलो. तेथे मी विज्ञान शिकवत असे. वर्गाच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून वायर नेलेली होती. प्रयोगासाठी विजेची शेगडी लावली की फ्यूज उडे, म्हणून मी त्यात गुपचूप जाड तार बसवली. भार वाढला की वायर पेटण्याआधी तीच वितळावी म्हणून फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवतात, हे मीच मुलांना शिकवले होते.

त्या दुपारी भर वर्गात पट्टीवरची वायर पेटली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मुख्याध्यापकांनी शाळेचे विजेचे काम करणाऱ्या वायरमन शंकरभाऊंना बोलावून सर्वांसमोर विचारले, "काहून रे शंकर, लेकरं जाळतं काय?"

शंकरभाऊंनी फ्यूज उघडला, तार पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. त्यांनी ती तार खिशात टाकली. "माहीच चूक झाली, सर."

नंतर फाटकापाशी मी विचारले, "खरे का सांगितले नाही?"

"पोरं पाहून राह्यले होते, मास्तर. त्याइले तुमच्याजवळच शिकायचं हाये."

शाळेचे काम त्यांना पुन्हा मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो, तेव्हा मुले नेहमीसारखीच आदराने उभी राहिली.